कुत्र्याचे कान : नवीन असाल तर एवढं सांभाळा

अहो घाबरू नका, कान खाजवणं, डोकं झटकणं हे बऱ्याच कुत्र्यांना होतं आणि वेळेत दाखवलं तर नीट बरंही होतं. पण आधी कापसाचे इअरबड बाजूला ठेवा! कुत्र्याच्या कानाची नळी आधी खाली जाते मग आत वळते, त्यामुळे बडने मळ निघत नाही, उलट आत ढकलला जातो.

कान साफ करायचं लिक्विड क्लीनर व्हेटला (जनावरांच्या डॉक्टरांना) विचारूनच घ्या, स्पिरिट किंवा पेरॉक्साइड नको, आग होते. क्लीनर कानात ओतायचं, कानाच्या बुडाशी बाहेरून हलकं चोळायचं, पचपच आवाज येतो, मग त्याला डोकं झटकू द्या आणि कापसाने दिसतं तेवढंच पुसा. रोज नको हं. अंघोळीनंतर मात्र कान कोरडे कराच, लोंबत्या कानांचे तर नक्की.

लाल कान, घाण वास, तपकिरी किंवा पिवळा स्राव दिसला की सरळ व्हेट. मान एका बाजूला कलली किंवा तोल जात असेल तर त्याच दिवशी.

नवीन लोकांच्या नेहमीच्या चुका:
- मागच्या वेळचे उरलेले ड्रॉप्स टाकणं. पडदा फाटलेला असेल तर काही औषधांनी बहिरेपण येऊ शकतं.
- वास गेला की औषध बंद. कोर्स पूर्ण करा.

सारखं सारखं होत असेल तर ॲलर्जीबद्दल नक्की विचारा, बरेचदा मूळ तिथेच असतं.