आधी घसा, मग परीक्षकांचे शेरे

पत्र : माझी मुलगी सतरा वर्षांची असून बारावी विज्ञान शाखेत आहे. वसईतील आमच्या चर्चच्या गायनवृंदात ती लहानपणापासून गाते आणि चार वर्षांपासून पाश्चात्त्य शास्त्रीय गायन शिकते. गेल्या महिन्यात मुंबईतील एका स्पर्धेत तिने ओरॅटोरिओमधील, म्हणजे गाण्यांतून सांगितलेल्या धर्मकथेतील, तीन एकल गाणी म्हटली. हँडेलच्या 'मसाया'मधील 'आय नो दॅट माय रिडीमर लिव्हेथ' व 'रिजॉइस ग्रेटली' आणि हायडनच्या 'क्रिएशन'मधील 'विथ व्हर्ड्यर क्लॅड'. गाणी मीच निवडली होती, कारण अवघड गाण्याला गुण जास्त मिळतात. परीक्षकांचा शेरा सोबत जोडला आहे. तो वाचून आम्ही खचलो आहोत. तिचे वडील म्हणतात, गाणे थांबवून नीटचा अभ्यास करावा. मला वाटते, घरावर कर्ज काढून तिला लंडनला पाठवावे. पुढच्या रविवारी तिला हीच गाणी पुन्हा म्हणायची आहेत. तीन आठवडे घसा बसला आहे, पण ज्येष्ठमध चालू आहे. आम्ही काय करावे?
– एक आई, वसई

उत्तर : ताई, तुमच्या पत्रातील सर्वांत गंभीर वाक्य तुम्ही शेवटी आणि जाता जाता लिहिले आहे. सतरा वर्षांच्या गाणाऱ्या मुलीचा आवाज तीन आठवडे बसलेला असेल, तर तिला कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे नेऊन स्वरतंतूंची तपासणी करून घेतली पाहिजे. ज्येष्ठमधाने घशाला बरे वाटत असेल, पण स्वरतंतूंवर सूज आहे की गाठी येऊ लागल्या आहेत, हे त्यावरून कळत नाही, आणि आवाजावर सतत ताण पडल्याने येणाऱ्या गाठी वेळीच लक्षात आल्या तर बहुतेकदा विश्रांतीने व आवाजाच्या उपचारपद्धतीने बऱ्या होतात. पुढच्या रविवारचा कार्यक्रम आजच रद्द करा. आयोजक नाराज झाले तर होऊ द्यावे. तपासणी होईपर्यंत तिने कुजबुजत बोलणेही टाळावे, कारण कुजबुजण्यानेही स्वरयंत्रावर ताण पडतो.

आता परीक्षकांच्या शेऱ्याविषयी. मी तो तीन वेळा वाचला आणि प्रत्येक वेळी मला तो अधिक चांगला वाटला. त्यात लिहिले आहे की पहिल्या गाण्यात सूर स्वच्छ आहेत व स्वरांची सलगता सुरेख आहे, पण 'रिडीमर' आणि 'लिव्हेथ' या शब्दांच्या मध्ये श्वास घेतला गेला. दुसऱ्या गाण्यात लय झेपेल त्यापेक्षा जलद आहे, 'रिजॉइस' या शब्दावरच्या धावत्या स्वरमालिकेत प्रत्येक स्वराला 'ह' चिकटतो आहे आणि जबडा हलतो आहे. तिसऱ्या गाण्यात आवाज सर्वांत नैसर्गिक आहे, 'ही गायिका मला काहीतरी सांगते आहे' असे वाटते, पण पहिल्या दोन शब्दांतील व्यंजने सारखीच ऐकू येतात. शेवटी म्हटले आहे, 'या वयाला ही मागणी मोठी आहे, दुसरे गाणे दोन वर्षांनी पुन्हा घ्यावे.' या शेवटच्या वाक्याचा अर्थ तुम्ही 'नापास' असा लावलात. मला मात्र त्यात एका जाणत्या माणसाने तुमच्या मुलीचा गळा वाचवण्यासाठी दिलेला सल्ला दिसतो. हलणारा जबडा आणि बसलेला घसा यांचा संबंध असेल, तर तो सल्ला त्यांनी पुरेशा लवकर दिला, इतकेच म्हणावे लागेल.

अवघड आणि जलद गाणे निवडले की गुण वाढतात, हा तुमचा समज मला खोडून काढायचा आहे, कारण त्या समजातूनच हे सारे घडले आहे. ओरॅटोरिओमध्ये वेशभूषा नसते, अभिनय नसतो, नेपथ्य नसते. एक धर्मकथा केवळ शब्द आणि सूर यांच्या आधारे श्रोत्यांपर्यंत पोहोचवायची असते. आपल्याकडच्या कीर्तनकाराला आख्यान सांगता सांगता पदावर यावे लागते, तसे येथे गायकाला बोलण्याच्या लयीतील निवेदनातून गाण्यावर यावे लागते, आणि दोन्हीकडे शब्द हरवला की काहीच उरत नाही. १७४२ साली डब्लिनमध्ये 'मसाया'चा पहिला प्रयोग झाला तेव्हा त्यातील एक अत्यंत करुण गाणे हँडेलने सुझॅना सिबर या अभिनेत्रीला दिले होते. तिचा आवाज लहान होता आणि संगीताचे शिक्षण बेताचे होते, परंतु ती शब्द असे म्हणत असे की श्रोते हेलावून गेले. पुढे १७५० मध्ये ग्वादान्यी या गायकासाठी त्याच हँडेलने याच रचनेतील एक एकल गाणे नव्याने लिहिले. स्वतः संगीतकार गायकाचा गळा पाहून गाणे बदलत होता, मग आपण सतरा वर्षांच्या गळ्याला गाण्याप्रमाणे बदलायला का लावावे? मुलींचा आवाजही पौगंडावस्थेत बदलतो आणि विशीतही पक्व होत राहतो; त्या आधी त्याच्यावर टाकलेला भार पुढची अनेक वर्षे जाणवू शकतो.

परीक्षकांनी सांगितलेल्या दोषांपैकी दोन तर अगदी हाताशी आहेत. पहिल्या गाण्यातील 'माझा तारणारा जिवंत आहे' या अर्थाच्या वाक्यात 'तारणारा' म्हणून आपण थांबलो, तर श्रद्धेचे वाक्य मध्येच तुटते, म्हणून श्वास कोठे घ्यायचा हे आधी वाक्य मोठ्याने वाचून ठरवावे. व्यंजनांची गोष्ट मराठी घरातील प्रत्येक गायकाने लक्षात ठेवावी अशी आहे, कारण आपल्या भाषेत 'व' एकच आहे आणि 'विथ व्हर्ड्यर' या पहिल्या दोन शब्दांत इंग्रजीचे दोन वेगळे 'व' शेजारी शेजारी येतात; पहिल्यासाठी ओठ गोल करावे लागतात, दुसऱ्यासाठी वरचे दात खालच्या ओठाला टेकवावे लागतात. यासाठी गळ्याला काडीचाही त्रास द्यावा लागत नाही, आणि डॉक्टरांनी बोलण्याची परवानगी दिल्यावर आरशासमोर सरावाची सुरुवात येथूनच करता येईल.

लंडनसाठी घरावर कर्ज काढण्याचा विचार तुम्ही सोडावा, असे मी स्पष्टच सांगतो. व्हायोलिनवादकाला बालपणापासून घडावे लागते. गायकाचे तसे नाही. अन्य विषयात पदवी घेऊन नंतर पदव्युत्तर स्तरावर गायनाकडे वळलेले गायक परदेशी संगीत महाविद्यालयांत असतात, आणि तेथील प्रवेश प्रामुख्याने प्रत्यक्ष गायनाच्या चाचणीवर ठरतो, श्रेणी परीक्षेतील टक्क्यांवर नव्हे. ट्रिनिटी किंवा एबीआरएसएम या ब्रिटिश संस्थांच्या संगीताच्या श्रेणी परीक्षा, गोव्यातील कला अकादमीचा पाश्चात्त्य संगीत विभाग, चेन्नईचे केएम म्युझिक कॉन्झर्व्हेटरी हे मार्ग तुम्हाला ठाऊक असतीलच. बारावी पूर्ण करणे आणि गाणे चालू ठेवणे यांत भांडण नाही, तेव्हा तिच्या वडिलांनी 'गाणे की नीट' असा प्रश्न या वर्षी उभा करू नये, आणि तुम्हीही 'लंडन की काहीच नाही' असा उभा करू नये.

मला सर्वाधिक अस्वस्थ करणारी गोष्ट अशी की या संपूर्ण पत्रात तुमच्या मुलीचे एकही वाक्य नाही. गाणी तुम्ही निवडलीत, शेरा वाचून तुम्ही खचलात, तिच्या भविष्याचा वाद तुमच्या दोघांत चालू आहे. तिला 'विथ व्हर्ड्यर क्लॅड' म्हणताना काय वाटले, हे कोणी तिला विचारले का, ते मला पत्रातून कळले नाही. परीक्षकांना ज्या गाण्यात ती काहीतरी सांगते आहे असे जाणवले, ते गाणे तिला स्वतःला आवडते का? पुढची सगळी गाणी तिने आणि तिच्या शिक्षकांनी निवडावीत, आणि तुम्ही श्रोत्यांमध्ये बसावे.

या आठवड्यात तपासणी करून घ्या आणि त्यात काय निघाले ते कळवा. ते पत्र मात्र तिलाच लिहू द्या. बोलणे बंद असले तरी तिला लिहिता नक्की येईल.