डोळ्यातून सारखं पाणी गळतं त्यासाठीच्या डीसीआर ऑपरेशनमध्ये डोळ्यात सिलिकॉनची नळी टाकणं खरंच गरजेचं असतं का? काढताना दुखतं का?

तुम्ही खाली लिहिलंय की वडिलांना नळी टाकणार म्हणतायत आणि हे बिल वाढवायचे धंदे वाटतात, म्हणून लिहायला बसले, नाहीतर मी इथे फक्त वाचते. 'बिल वाढवायचे धंदे' हे अगदी हेच शब्द आमच्या दादाचे.

आईच्या डाव्या डोळ्यातून तीनेक वर्षं पाणी गळायचं. वारं लागलं की जास्तच. सारखा पदर डोळ्याला. कराडला आमच्या गल्लीतल्या बायकांनी ठरवूनच टाकलेलं की सून छळते, आणि वहिनी बिचारी रोज वेळेवर ड्रॉप घालत होती. ड्रॉपने काय होणार, डोळ्यातले अश्रू नाकात उतरवणारी नळीच खाली बंद, तुंबलेल्या मोरीत वरून फिनेल ओतायचा प्रकार. कळलं कधी, तर मोतीबिंदूच्या ऑपरेशनच्या आधी सिरिंजिंग केलं तेव्हा. बोथट वाकडी सुई खालच्या पापणीच्या कोपऱ्यात अश्रू आत जायचं बारीक भोक असतं (वरच्या पापणीलाही एक) त्यात घालून सलाइन सोडतात आणि विचारतात, आजी घशात खारट लागलं का? आई म्हणाली नाही बा, आणि पाणी वरच्या भोकातून परत बाहेर, सोबत पू. मोतीबिंदू तिथेच रद्द. हे इन्फेक्शन ऑपरेशनच्या वेळी डोळ्याच्या आत गेलं तर डोळाच जाऊ शकतो, त्यामुळे आधी हे निस्तरून या म्हणाले.

आता इथे आमचं भांडण. डीसीटी म्हणजे अश्रूंची पिशवीच काढून टाकायची, छोटं काम, पू बंद होतो पण पाणी गळायचं ते गळतच राहतं. डीसीआर म्हणजे नाकाच्या बाजूच्या हाडाला भोक पाडून पिशवी सरळ नाकात उघडायची. हे काही नवीन फॅड नाही, इटलीतल्या तोती नावाच्या डॉक्टरने 1904 साली सांगितलेलं ऑपरेशन आहे, आता काहीजण बाहेरून चिरा न देता नाकातून दुर्बिणीने करतात एवढंच. दादा म्हणे वय 66, आता पाणी आलं काय नि नाही आलं काय, काढून टाका पिशवी. मी म्हटलं तुझ्या बुलेटचा इंडिकेटर गेला तर तू तीन गॅरेज फिरतोस, आणि आईने जन्मभर पदर ओला करायचा? आठवडाभर अबोला. वहिनी माझ्या बाजूने, तिला गल्लीत तोंड दाखवायचं होतं.

शेवटी मिरजेला डीसीआर झालं, नळीसकट. नळी म्हणजे शेवयीपेक्षा बारीक, अर्ध्या-पाऊण मिलिमीटरची, मऊ. दोन्ही टोकांना स्टीलची तार असते, एक टोक वरच्या भोकातून, एक खालच्या, नव्या वाटेने नाकात उतरवतात आणि तिथे गाठ मारतात. बाहेर दिसतो तो कोपऱ्यातला इवलासा वळसा, तोही शोधावा लागतो. ती वाट भरून येताना चिकटू नये म्हणून हा खटाटोप.

अठराव्या दिवशी वहिनीने मिरचीची फोडणी टाकली, आईला सटासट शिंका, आणि सवयीने पदर चोळला डोळ्याला. नळीचा वळसा बाहेर आला, चांगला बोटभर, बुबुळावर आडवा. मी पुण्यात. व्हिडिओ कॉल लागला तर दादा वहिनीच्या शिवणाच्या डब्यातली कात्री डेटॉलने पुसत उभा, म्हणे टाका सुटलाय, कापून टाकतो. मी इकडून किंचाळतेय, नेटवर्क अडकतंय, त्याचा हात हवेत तसाच फ्रीझ झालेला. वहिनीने कात्री ओढून घेतली म्हणून बरं. नळी ओढायची नाही कापायची नाही, कागदी टेपने नाकाच्या बाजूला चिकटवली आणि गेले मिरजेला. डॉक्टरांनी नाकातून दुर्बीण घालून खालून ओढून घेतली, पाच मिनिटं. म्हणाले, कापली असती तर गाठ नाकात घसरून सगळी नळीच निघून गेली असती, मुदतीआधी. आणि बाहेरून ओढत बसला असतात तर दोऱ्याने उकडलेलं अंडं कापतात तशी त्या बारीक भोकाची कड चिरली असती.

तर तुमचा प्रश्न. नळी प्रत्येकाला लागतेच असं नाही. पहिल्यांदाच होणाऱ्या साध्या डीसीआरमध्ये घातली काय न घातली काय, निकालात फारसा फरक पडत नाही. पण पापणीतल्या बारीक नळ्याच अरुंद असतील, पिशवी आकसलेली असेल (आईची होती) किंवा आधीचं ऑपरेशन फेल गेलं असेल तर घालतात. म्हणून डॉक्टरांना बिलाचं नंतर विचारा, आधी अडथळा नेमका कुठे आहे ते विचारा. काढताना दुखत नाही, साधारण दोन-तीन महिन्यांनी ओपीडीतच, कोपऱ्यात कापतात आणि नाकातून ओढून घेतात, आईला शिंक अडकल्यासारखं वाटलं फक्त. हो, कापतातच, पण ते डॉक्टरांनी, नाकात दुसरं टोक हातात धरून.

आणि मेडिकलवाला या नळीलाच 'प्लग' म्हणत असेल तर तसं नाही, प्लग हे वेगळं प्रकरण, ते बूच कोरड्या डोळ्यांत अश्रू अडवायला लावतात, म्हणजे बरोब्बर उलटं काम.

मी डॉक्टर नाही हे आधी लिहायला हवं होतं. वडील रक्त पातळ करायची गोळी घेत असतील तर ऑपरेशनआधी सांगाच, मनाने बंद करू नका. नंतर काही दिवस नाक शिंकरायचं नाही, आणि शिंक आलीच तर तोंड उघडं ठेवून. वय फार असेल, तब्येत नाजूक असेल किंवा डोळे मुळातच कोरडे असतील तर डीसीटी पण योग्य असतं म्हणे, हे मला तेव्हा माहीत नव्हतं आणि दादाला अजून सांगितलेलं नाही.

आईचा मोतीबिंदू पण नंतर नीट झाला. दादा आता पाहुण्यांत सांगतो, मीच नेलं मिरजेला. खरंय, गाडी त्याचीच होती. कात्रीचं तेवढं सांगत नाही.