ऑपरेशनची तारीख घेण्याआधी

ताई, तुमचं वाचलं. वय ४८, राहायला सिन्नरला, पाळी जाऊन दोन वर्षं झाली, वर्षभर नवऱ्याजवळ जाणंच बंद. परवा नाशकात पॅप तपासणीला (गर्भाशयाच्या मुखाच्या कॅन्सरसाठी करतात ती) गेलात तर ते स्पेक्युलम, म्हणजे योनी उघडून बघायचं साधन, आत जाईना. डॉक्टरबाई म्हणाल्या, "योनीचं तोंड बारीक झालंय, छोटंसं ऑपरेशन करून मोठं करून देऊ." आता तुम्ही विचारताय की करावं का, आणि केलं तर परत बंद होणार नाही ना.

मी डॉक्टर नाही. ५४ वर्षांची आहे, सातपूरला एका कंपनीत हिशेब बघते. याच दुखण्यात माझी सहा वर्षं गेली, त्यातली पहिली चार चुकीच्या मलमात. त्यामुळे जरा लांबण लावते, चालवून घ्या.

"बारीक झालंय" हे निदान नाही हो. घसा बसला म्हटलं की तो सर्दीने बसला, ओरडून बसला की आत काही गाठ आहे हे बघावंच लागतं ना, तसंच हे. तुम्हाला नेमकं कशामुळे झालं ते बाईंनी सांगितलं का? तुमच्या लिहिण्यात तरी ते कुठे नाही.

तुमच्या वयाला पहिला संशय पाळी जाण्यावर. इस्ट्रोजेन हे हार्मोन कमी झालं की तिथली कातडी पातळ होते, कोरडी पडते, ताणली जायची बंद होते. लघवीला जळजळ, सारखं इन्फेक्शन हेही त्याच्याच सोबत येतं. आता डॉक्टर या सगळ्याला मिळून एकच नाव देतात, ते २०१४ साली ठरलं. त्याआधी पुष्कळदा नुसतं "कोरडेपणा" म्हणून सोडून द्यायचे. यावर उपाय साधा आहे: आत लावायचं कमी ताकदीचं इस्ट्रोजेन क्रीम. साधारण दोन आठवडे रोज रात्री आणि नंतर आठवड्यातून दोनदा. रक्तात फारच थोडं जातं. फरक पडायला काही आठवडे लागतात, पूर्ण दोन-तीन महिने धरा. स्तनाचा कॅन्सर होऊन गेला असेल तर मात्र कॅन्सरच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय हात लावू नका. आणि पाळी गेल्यावर एक ठिपका जरी रक्त दिसलं तरी आधी त्याची तपासणी, बाकी सगळं नंतर.

दुसरं कारण कातडीचा आजार. माझं तेच निघालं, म्हणून यावर जास्त लिहिते.

सुरुवात खाजेने झाली. रात्री अंथरुणात पडलं की खाज, ऑफिसात खुर्चीवर बसवत नसे. मेडिकलवाल्याने फंगसचं मलम दिलं. मग एका दवाखान्यातही फंगसच म्हणाले, कपडे न काढताच. अशी तीन-तीन औषधं एकत्र असलेली मलमं मी किती पिळली असतील! चार दिवस बरं वाटायचं, कारण त्यात थोडं स्टिरॉइड असतं. थांबवलं की पुन्हा तेच. शेवटी गंगापूर रोडला एका त्वचेच्या डॉक्टरीणबाईंनी टेबलावर झोपवून चांगला दिवा लावून बघितलं. त्यांनी ओल्या कापसाच्या काडीने तोंडाभोवती हळूहळू टोचल्यासारखं केलं, घड्याळाच्या काट्यासारखं: "बारा वाजता दुखतं? तीन? सहा?" सहाला मी टेबलावरून उडालेच. खालच्या बाजूला, गुदद्वाराकडे, बारीकशी चीर होती. संबंधाच्या वेळी दर वेळी तिथेच फाटायचं, भरायचं, आणि भरताना तिथली जागा अजून आकसायची. मग त्यांनी आरसा हातात दिला. कातडी पांढरी, कांद्याच्या पातळ सालीसारखी चुरगळलेली. आतल्या पाकळ्या बाहेरच्यांना चिकटून जवळजवळ नाहीशा झालेल्या. स्वतःचंच अंग, आणि मी चार वर्षांत एकदाही बघितलं नव्हतं.

याचं नाव लायकेन स्क्लेरोसस. हे कोड नाही, संसर्गही नाही, नवऱ्याकडून आलेलं नाही आणि त्याला लागत नाही. शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच कातडीवर उठते असं मानतात. बाहेरची कातडी आणि तोंड धरतं, योनीच्या आत सहसा जात नाही. म्हणून आत जागा असते, अडतं ते दारात. (आतूनही लालभडक, सोलल्यासारखं असेल आणि तोंडात, हिरड्यांवरही चट्टे असतील तर तो वेगळा आजार, लायकेन प्लेनस. तेही डॉक्टरांना सांगा.)

औषध आहे क्लोबेटासोल ०.०५ टक्के, तीव्र स्टिरॉइडचं मलम. मला दिलेला क्रम असा: महिनाभर रोज रात्री, पुढचा महिना एक दिवसाआड, तिसऱ्या महिन्यात आठवड्यातून दोनदा. लावायचं बोटाच्या टोकावर मटाराच्या दाण्याएवढं, फक्त पांढऱ्या जागेवर. ३० ग्रॅमची ट्यूब साधारण तीन महिने पुरते. महिन्यात संपली तर तुम्ही जास्त थापताय. त्याच्या कागदावर "गुप्तांगाला लावू नये" असं वाचून मी घाबरून आठ दिवस बंद केलं होतं. बाईंनी चांगलं झापलं. हा आजार पूर्ण जात नाही, ताब्यात राहतो. मी अजून आठवड्यातून दोनदा लावते आणि वर्षातून एकदा दाखवून येते. उपचार न करता राहिलं तर थोड्या बायकांमध्ये त्या जागी कॅन्सर होऊ शकतो, म्हणून न भरणारी जखम किंवा जाड कडक गाठ दिसली तर वाट बघायची नाही, तुकडा तपासून घ्यायचा.

बाळंतपणातले टाके हे तिसरं. टाका घट्ट बसला किंवा वण कडक झाला की तोंड अडतं. पण ते बहुतेक बाळंतपणानंतर लगेचच कळतं, तुमच्यासारखं वीस वर्षांनी अचानक नाही. गर्भाशयाच्या मुखाच्या कॅन्सरला रेडिएशनचा शेक दिलेल्यांचंही आकसतं. त्यांना जखम भरल्यावर डायलेटर, म्हणजे तोंड हळूहळू ताणायच्या नळ्या, वापरायला सांगतात.

आणि चौथं स्नायूंचं. आधी एवढं दुखलेलं असतं की काही जवळ आलं तरी खालचे स्नायू आपोआप आवळतात. आपण ठरवून करत नाही, डोळ्यासमोर बोट आलं की पापणी मिटते तसं. नव्या लग्न झालेल्या मुलींना हेच जास्त असतं, आणि सासरी त्यांना "नाटकं" म्हणून ऐकावं लागतं. ते वेगळंच रडगाणं. माझ्यात दुसरं आणि चौथं दोन्ही होतं. मलमाने कातडी मऊ झाली तरी अंग ऐकेना.

त्यासाठी डायलेटर घेतले. गुळगुळीत नळकांड्यांचा संच असतो, करंगळीएवढ्यापासून पुढे जाड होत जाणारा. ऑनलाइन मागवला, पार्सल ऑफिसच्या पत्त्यावर आलं आणि मी ते टिफिनच्या पिशवीत घालून घरी आणलं. पाण्यावर आधारलेली जेली लावायची, गुडघे वर करून पडायचं, श्वास लांब सोडायचा आणि सोडतानाच हलकेच टेकवायचं. दहा मिनिटं, आठवड्यातून तीन-चारदा. ओढल्यासारखं वाटेल इथपर्यंत ठीक. दुखलं की मागे. पहिल्या नळीला मला तीन आठवडे लागले. मागे एका ओळखीच्या बाईने केगल, म्हणजे खालचे स्नायू आवळायचा व्यायाम, करायला सांगितलं होतं. तेव्हा ते माझ्या उलटच पडलं, कारण आवळायला मला शिकवायची गरज नव्हती, सोडायला होती. पेल्विक फ्लोअरचे, म्हणजे या खालच्या स्नायूंचे, फिजिओथेरपिस्ट हेच शिकवतात. तुमच्या डॉक्टरांना तशी चिठ्ठी मागा.

आता ऑपरेशन. फेंटन म्हणतात तेच असावं. खालच्या बाजूला उभी चीर देतात आणि टाके आडवे घालतात, तेवढीच तोंडाला रुंदी मिळते. वण कडक असेल, पाकळ्या पुऱ्या चिकटल्या असतील तर ते खरोखर कामाला येतं, माझा विरोध नाही. पण खाली कातडीचा आजार चालू असताना केलं तर ताजी जखमही त्याच आजाराने भरते आणि परत आकसते. म्हणून आधी आजार ताब्यात, मग चीर, आणि नंतरही मलम आणि डायलेटर चालूच. नुसता कोरडेपणा असेल तर बहुतेक वेळा क्रीमनेच भागतं आणि चीर लागत नाही. परत बंद होईल का, या तुमच्या प्रश्नाचं उत्तर कारणावर आहे.

जाहिरातीतल्या लेझरच्या मागे जाऊ नका. "पुन्हा तारुण्य" म्हणून विकल्या जाणाऱ्या या यंत्रांबद्दल अमेरिकेच्या औषध खात्याने २०१८ मध्येच इशारा दिलाय. तुरटीचं पाणी, डेटॉल, सुगंधी वॉश हेही आजपासून बंद. तुरटीने तर बायका मुद्दाम घट्ट करायला बघतात, आणि आपण इथे हे लिहितोय, गंमतच आहे! साधं कोमट पाणी पुरे, साबणही नको.

नवऱ्याला सांगा. मी त्र्यंबकहून परत येताना गाडीतच सांगितलं, समोर रस्ता असला की एकमेकांकडे बघावं लागत नाही. ते दोन वर्षं समजत होते की मला त्यांचा कंटाळा आलाय.

पॅप तपासणी सोडू नका. लहान, अरुंद स्पेक्युलम असतो, तो मागा. नाहीतर कोरडेपणाच असेल तर सहा-आठ आठवडे क्रीम लावून पुन्हा जा. दुसरं मत घ्यायचं तर आडगावच्या मेडिकल कॉलेजात स्त्रीरोग आणि त्वचा दोन्ही विभाग एकाच आवारात आहेत, एका खेपेत काम होतं.

उद्या सकाळी आंघोळीच्या आधी खिडकीपाशी आरसा घेऊन बसा. रंग पांढरट आहे की लालसर, खाज आहे का, सहाच्या जागी चीर दिसते का, पाकळ्या दोन्ही बाजूंना वेगळ्या दिसतात का, एवढं बघून इथे लिहा. आणि मधुमेह आहे का तेही, कारण खाज असेल तर साखरही बघायला लागेल.