वर्तुळाचं अंडं का होतं?

प्रश्न : घरी विंडोजवर जिओजिब्रा या भूमितीच्या सॉफ्टवेअरमध्ये वर्तुळ, त्रिज्या, स्पर्शिका काढून आकृती एसव्हीजी (रेषांच्या रूपात साठवलेलं चित्र) म्हणून ठेवते. शाळेत लिनक्स आहे. तिथे 'स्पर्शबिंदू' हा शब्द रेषेवर चढतो, कधी अक्षरांच्या जागी चौकोन येतात. स्वाध्यायपत्रिकेत वर्तुळही लांबट छापलं जातं. त्यापेक्षा जेपीजी बरी का?
(गणित शिक्षिका, इयत्ता दहावी)

उत्तर : जेपीजी नकोच. फोटोसाठी ती ठीक, पण बारीक रेषांभोवती तिच्यात करडी धूळ उठते. एसव्हीजीच ठेवा.

अक्षरांचं दुखणं फॉन्टचं आहे. एसव्हीजीत मजकुरासोबत सहसा फॉन्टचं फक्त नाव जातं, फॉन्ट जात नाही. तुमच्याकडचा मंगल किंवा निर्मला हा देवनागरी फॉन्ट तिकडे नसला की लिनक्स हाताशी असेल तो फॉन्ट लावतं. त्याची रुंदी वेगळी, म्हणून शब्द सरकतो. देवनागरी फॉन्ट मुळीच नसेल तर चौकोन. (या चौकोनांना 'टोफू' म्हणतात, 'नोटो' फॉन्टचं नाव 'नो टोफू'वरूनच पडलं.) मजकूर जुन्या बिगर-युनिकोड फॉन्टात (रोमन अक्षरांच्या जागी देवनागरी आकार बसवलेल्या) असेल तर रोमन अक्षरांचा चिवडाच दिसेल.

उपाय असा : अक्षरं नीट दिसतात त्या घरच्याच संगणकावर फाइल इंकस्केप या चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडा, मजकूर निवडा आणि पाथ मेन्यूतलं 'ऑब्जेक्ट टू पाथ' द्या. अक्षरांच्या रेषा होतात, मग फॉन्ट लागत नाही. पण नंतर ऱ्हस्व-दीर्घही सुधारता येत नाही, म्हणून ही प्रत वेगळ्या नावाने साठवा आणि मूळ जिओजिब्राची फाइल जपून ठेवा.

आता वर्तुळ. जिओजिब्रात दोन्ही अक्षांचं गुणोत्तर १:१ आहे ना, हे आधी बघा. आलेख दामटून बसवताना ते नकळत बदलतं. तिथे ठीक असेल, तर लिब्रेऑफिसच्या रायटरमध्ये किंवा वर्डमध्ये चित्र बाजूच्या मधल्या ठिपक्याने ओढलं गेलंय. नेहमी कोपऱ्यातून ओढा. हा नुसता दिसण्याचा प्रश्न नाही. आकृती आडवी १० टक्के ताणली, की ४५ अंशांवर काढलेली त्रिज्या आणि स्पर्शिका यांच्यातला कोन एका बाजूला सुमारे ९५ आणि दुसऱ्या बाजूला ८५ अंश होतो. कोनमापक लावणाऱ्या मुलाला त्रिज्या-स्पर्शिका काटकोनात असतात हे प्रमेयच खोटं वाटेल. छापील कागदावर आडवा आणि उभा व्यास पट्टीने मोजा. दोन्ही सारखे भरले पाहिजेत.

शाळेतलं वर्ड जुनं असून एसव्हीजी घेत नसेल तरच पीएनजी (ठिपक्यांचं, पण रेषा स्वच्छ ठेवणारं चित्र) करा. कागदावर ८ सेंमी रुंद हवी असेल तर ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) सुमारे ९४५ पिक्सेल लागतात. स्क्रीनशॉटमधून कापलेला तुकडा क्वचितच तेवढा भरतो.

प्रश्न : पडद्यावर लाल-हिरव्या रेषा छान दिसतात, झेरॉक्समध्ये दोन्ही सारख्याच. काय करावं?

उत्तर : करड्या छटेत लाल आणि हिरवा बऱ्याचदा जवळजवळ एकच होतात. फरक रंगाने दाखवू नका, रेषेच्या जातीने दाखवा : दिलेली रेषा अखंड, रचनेची तुटक. मुख्य रेषा १ पॉइंट, म्हणजे सुमारे ०.३५ मिमी जाड ठेवा. पाव पॉइंटाची रेषा झेरॉक्सच्या झेरॉक्समध्ये गळते. आणि आकृती व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवू नका, ती दाबून लहान केली जाते. डॉक्युमेंट म्हणून पाठवा.