रक्तातल्या पेशी मोजून पुढे काय?

प्रश्न : मी सांगलीत बी.एस्सी. मायक्रोबायोलॉजीच्या शेवटच्या वर्षाला आहे. आईला स्तनाचा कॅन्सर झाला होता. रक्तातल्या कॅन्सरच्या पेशी मोजून उपचार ठरवतात असं वाचलं. मला त्यातच काम करायचंय. घरचे म्हणतात, डीएमएलटी (लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा) कर आणि लॅबला लाग. काय करू?

उत्तर : घरच्यांचं चूक नाही, पण डीएमएलटी करून तू आलेला नमुना तपासशील. तुझा प्रश्न अजून संशोधनातला आहे.

सेलसर्च नावाच्या पद्धतीत साडेसात मिलिलिटर रक्त घेतात, जेमतेम दीड चमचा. अब्जावधी लाल पेशींच्या त्या गर्दीत अँटीबॉडी लावलेले लोहकण गाठीच्या पेशींना चिकटतात आणि चुंबक त्यांना ओढून घेतो. मशीन फोटो समोर ठेवतं. ही पेशी मोजणीत धरायची की सोडायची, हे शेवटी माणूसच ठरवतो. आजार पसरलेला असताना अशा पाच किंवा जास्त पेशी सापडल्या तर लक्षण चांगलं नाही, हे २००४ मध्येच दिसलं होतं.

मग पहिल्या केमोनंतरही आकडा उतरला नाही तर औषध बदलावं, असं कुणालाही वाटेल. अमेरिकेतल्या एस०५०० नावाच्या क्लिनिकल ट्रायलमध्ये अशा १२३ रुग्णांपैकी साधारण निम्म्यांचं केमो लगेच बदललं, बाकीच्यांचं तेच ठेवलं. २०१४ मध्ये निकाल आला : बदलून आयुष्य वाढलं नाही. मोजणीत खोट नव्हती. माझ्या मते, बदलून द्यायला पुरेसं सरस औषधच हाताशी नव्हतं. फ्रान्समध्ये मात्र हार्मोनचे उपचार द्यायचे की केमो, हे ठरवायला याच आकड्याची मदत झाली.

म्हणून मायक्रोस्कोपइतकंच स्टॅटिस्टिक्स मनावर घे. बायोची मुलं 'गणितातून सुटलो' म्हणून खूश होतात आणि पीएच.डी.ला तेच मानगुटीवर बसतं.

जॅम किंवा गॅट-बी ही प्रवेश परीक्षा देऊन एम.एस्सी. कर, मग पीएच.डी.च्या फेलोशिपसाठी नेट-जेआरएफ. ती मिळून पीएच.डी.ला लागलं की स्टायपेंड सुरू. खारघरचं अ‍ॅक्ट्रेक (टाटा मेमोरियलचं संशोधन केंद्र) आणि पुण्याचं एनसीसीएस (पेशींवर संशोधन करणारी राष्ट्रीय संस्था), दोन्हीकडे कॅन्सरवर काम चालतं. सगळं मिळून सात-आठ वर्षं जातील, हे घरी आत्ताच सांग. तेवढं थांबणं परवडत नसेल तर एम.एस्सी.नंतर क्लिनिकल रिसर्च कोऑर्डिनेटरची नोकरी बघ : रुग्णाला ठरल्या दिवशी बोलावायचं, संमतीपत्र नीट समजावायचं, नमुना वेळेत लॅबला पोचवायचा. कंटाळवाणं वाटेल, पण तिथे ढिलाई झाली तर पुढचे आकडे कुचकामी.

जॅमचे अर्ज साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये भरतात, परीक्षा फेब्रुवारीत. शेवटच्या वर्षाला असतानाच देता येते.