ठाण्यातल्या फ्लॅटमध्ये खाऱ्या पाण्याच्या टँकमध्ये ट्रिगरफिश ठेवता येईल का?

तुमच्याकडे घोडबंदर रोडच्या फ्लॅटमध्ये 3 फुटी टँक आहे, त्यात क्लाउनफिशची जोडी सुखात आहे, आणि आता दुकानात बघितलेला बोटभर पिकासो ट्रिगर (ट्रिगरफिशची एक जात) त्यात सोडू का, असं विचारलंय. त्या टँकमध्ये नका सोडू. तो मासा मनात का भरतो हे मात्र मला चांगलं ठाऊक आहे. ऐरोलीत माझ्या घरी सहा वर्षं एक पिकासो आहे.

तो बोटभर राहत नाही. पिकासो 25 सेंटीमीटरच्या आसपास सहज जातो, क्लाउन ट्रिगर (ही ट्रिगरफिशचीच जात, क्लाउनफिश नव्हे) तर 50 पर्यंत. त्याला निदान 6 फुटी, 500 लिटरचा टँक हवा. म्हणजे नुसतं पाणीच अर्धा टन, वर काच, दगड, वाळू, स्टँड. बिल्डिंग जुनी असेल तर आधी स्ट्रक्चरल इंजिनीअरला जागा दाखवा, टँकची ऑर्डर नंतर द्या.

दुसरी गोष्ट टँकमधल्या शेजाऱ्यांची. कोळंबी, खेकडे, शिंपले, समुद्री साळू हेच त्याचं मूळ खाणं. मी सुरुवातीला दोन क्लीनर श्रिंप (कोळंबीची एक जात) त्याच्याबरोबर ठेवले होते. सकाळी वाळूवर मिशांचे तुकडे तेवढे होते. ती चूक माझी, माशाची नव्हे. तुमच्या क्लाउनच्या जोडीवर तो प्रयोग करू नका. बारक्या हीटरची वायरही तो चावू शकतो, त्यामुळे हीटर सम्पमध्ये, म्हणजे टँकखालच्या फिल्टरच्या टाकीत ठेवा.

त्याचे दात आयुष्यभर वाढतात, म्हणून कवचासकट खाणं लागतं. मी दिवाळे गावच्या बाजारातून तिसऱ्या (शिंपल्या) आणि सालासकट कोळंबी आणतो, फ्रीझरमध्ये ठेवतो आणि न उकडता देतो. कधी एखादी तिसरी वाळूत पुरून ठेवतो. तो जरा तिरका होतो, तोंडाने पाण्याची पिचकारी मारतो, वाळू उडते, पुन्हा बघतो, पुन्हा मारतो. शिंपला उघडा पडेपर्यंत सोडत नाही. मी कितीदा जेवण बाजूला ठेवून हे बघत बसलोय.

पाण्याचं थोडक्यात सांगतो. खाडी दारात आहे म्हणून तिचं पाणी आणायचं नाही. सांडपाणी त्यात मिसळतं, आणि पावसाळ्यात खारटपणा पार उतरतो. आरओचं पाणी, मरीन सॉल्ट, खारटपणा मोजायच्या रिफ्रॅक्टोमीटरवर 1.025. बाष्पीभवनाने फक्त पाणी उडतं, मीठ मागे राहतं, म्हणून कमी झालेलं पाणी साध्या आरओच्या पाण्यानेच भरा. मे महिन्यात आपल्या दमट हवेत नुसत्या पंख्याने टँक 26 अंशांवर राहत नाही, चिलरचा (पाणी गार ठेवणाऱ्या यंत्राचा) खर्च धराच. नवा टँक महिना-दीड महिना माशाशिवाय चालवा; पाण्याच्या चाचणीत अमोनिया आणि नायट्राइट ही विषं शून्य दिसल्यावरच मासा. एवढं खाणाऱ्या माशाची घाणही तेवढीच, स्किमर (फेसातून घाण बाहेर काढणारा फिल्टर) मोठा घ्या. खऱ्या प्रवाळाच्या मागे लागू नका: आपल्याकडे ते वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. सिरॅमिकचे दगड चालतात, फक्त ते तळाच्या काचेवर पक्के बसवा, वाळूवर नको. तो खालून उकरतो.

आणि त्याला जाळीने कधी पकडू नका. पाठीवरचा पहिला काटा उभा झाला की दुसरा त्याला अडसर लावतो. मग पहिला कितीही दाबा, मिटत नाही. दुसरा दाबला की लगेच मिटतो, बंदुकीच्या चापासारखा. तो काटा जाळीत अडकला की मासा जखमी होतो. मोठा प्लॅस्टिकचा डबा पाण्यात बुडवून त्यात हाकला.

मोठा टँक होईपर्यंत 3 फुटीत क्लाउनची जोडीच राहू द्या. मधल्या काळात ऐरोलीला या, रात्री साडेनऊच्या आधी. तेव्हा टँकचे दिवे मंद होतात आणि तो ठरलेल्या फटीत आडवा शिरून काटा उभा करतो, झोपायला.