प्रश्न वाचकांचे: पितळी सापापुढचा धूप

प्रश्न: माझ्या भाचीला टाइप 1 मधुमेह आहे, वय चौदा. बहिणीने एका सभेतून 'अभिषेकाच्या तेला'ची बाटली आणली. तीनशे रुपये 'अर्पण' म्हणून घेतले. रोज पोटाला तेल लावा, इन्सुलिन टोचलं तर तो अविश्वास ठरेल, असं तिथे सांगितलं. बहीण गोंधळली आहे. आजाऱ्याला तेल लावावं असं शास्त्रात, म्हणजे बायबलमध्ये, आहेच ना?
– एक वाचक, श्रीरामपूर

उत्तर: आधी इन्सुलिन, मग शास्त्र. टाइप 1 मध्ये शरीर स्वतःचं इन्सुलिन जवळजवळ बनवतच नाही. बाहेरून मिळणारंही थांबलं की एका-दोन दिवसांत रक्तात कीटोन नावाची आम्लं साठतात आणि रक्त आम्लयुक्त होतं. मळमळ, उलट्या, पोटदुखी, खोल आणि भराभर श्वास, तोंडाला पिकल्या फळासारखा वास, यातलं काहीही दिसलं तर सकाळची वाट न पाहता हॉस्पिटल गाठा. एखादा डोस जरी चुकला असेल तरी आजच डॉक्टरांना फोन करा. घात होतो तो पहिल्या काही तासांत. इंजेक्शन बंद करूनही मुलगी ठीकच दिसते, आणि तेवढ्यावर घरातलं कोणीतरी सभेत उभं राहून बरं झाल्याची साक्ष देऊन मोकळं होतं.

आता तेल. याकोबाच्या पत्राचा पाचवा अध्याय, 14 ते 16 ही वचनं बहिणीसोबत बसून सावकाश वाचा. आजाऱ्याने बोलवायचं ते मंडळीच्या, म्हणजे आपल्या चर्चच्या, वडीलजनांना. शब्द अनेकवचनी आहे, आणि माणसं अशी की जी पुढच्या रविवारीही तुमच्या बाकाशेजारी बसलेली असतील. त्यांनी प्रार्थना करायची, प्रभूच्या नावाने तेल लावायचं. पंधराव्या वचनात आजाऱ्याला वाचवते ती विश्वासाची प्रार्थना. तेलाचा तिथे उल्लेखसुद्धा नाही. बाटलीची किंमत नाही, औषध सोडण्याची अटही नाही. उलट त्या काळी तेल हेच घरगुती औषध होतं. येशूच्या दाखल्यातला चांगला शोमरोनी वाटेत पडलेल्या माणसाच्या जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओतून पट्ट्या बांधतो. कॅथलिक मंडळीत बिशपांनी पवित्र सप्ताहात आशीर्वादित केलेलं तेल फादर आजाऱ्याच्या कपाळाला आणि हातांना लावतात. त्या संस्कारासाठीही डॉक्टर सोडावा लागत नाही.

बहिणीची चूक नेमकी कुठे होते आहे ते पितळी सापाच्या गोष्टीत दिसतं. बायबलमधल्या गणना या पुस्तकाच्या 21व्या अध्यायात विषारी साप चावून माणसं मरू लागली, तेव्हा लोकांनी मागितलं काय? साप घालवून दे. देवाने साप घालवले नाहीत. मोशेला पितळेचा साप करून खांबावर चढवायला सांगितलं. चावलेल्याने त्याकडे पाहावं आणि जगावं. म्हणजे वस्तू देवानेच दिलेली होती आणि तिचा गुणही आला होता. कित्येक शतकांनी, हिज्कीया राजाच्या काळात, लोक त्याच सापापुढे धूप जाळत बसले होते. हिज्कीयाने तो फोडून टाकला (2 राजे 18:4). देवाकडे बघायला दिलेली वस्तू हातात राहिली, आणि देणारा बाजूला पडला.

गोष्ट इथे संपत नाही, आणि पुढचा भाग सभांमधून फारसा ऐकू येत नाही. हाच हिज्कीया पुढे मरणाच्या पंथाला लागतो. भिंतीकडे तोंड करून रडत प्रार्थना करतो. देव त्याचं आयुष्य 15 वर्षांनी वाढवतो. आणि तरीही यशया संदेष्टा सांगतो, अंजिरांची ढेप आणा आणि गळवावर लावा (2 राजे 20:7). सापाचे तुकडे करणाऱ्या राजाने पोटीस मुकाट्याने लावून घेतलं. ते औषध होतं, त्यापुढे कोणी धूप जाळत नव्हतं.

बहिणीशी वाद घालू नका आणि बाटली फेकू नका. फेकलीत तर उद्या काही झालं की खापर तुमच्याच डोक्यावर फुटेल. तुमच्या पाळकांना घरी बोलवा. भाची इंजेक्शन घेत असतानाच, तिच्या शेजारी बसून, त्यांना प्रार्थना करू द्या. अर्धा तास समजावण्यापेक्षा हे जास्त लागू पडतं.

प्रश्न: आम्ही प्रोटेस्टंट, सून वांद्र्याची कॅथलिक. माझा गुडघा धरला म्हणून सप्टेंबरच्या जत्रेत तिने मोत माउलीला (तिथल्या माउंट मेरी चर्चमधल्या मरियेला) मेणाचा पाय वाहिला. मला सांगितलंही नाही. ही मूर्तिपूजा नाही का?
– एक आजी, पुणे

उत्तर: आजी, आधी तिचा जीव तुमच्या गुडघ्यात किती अडकलाय ते पाहा. प्रश्न मात्र खरा आहे. 787 साली निकिया इथल्या दुसऱ्या धर्मसभेने यावर रेषा आखली: चित्राला, पुतळ्याला आदर देता येतो आणि तो आदर त्यामागच्या व्यक्तीकडे जातो, आराधना मात्र फक्त देवाची. ती रेषा पुरेशी आहे का, यावर तुमची आणि तिची मंडळी आजही एकमत नाहीत, आणि या सदरातून ते होणारही नाही. पण दोन्ही घरांना चालेल अशी एक कसोटी आहे. गुडघा बरा झाला नाही तर काय? 'माउली रागावली, आता मोठा पाय वाहू' असं मनात येत असेल तर तो सौदा झाला, मग पुढ्यात मेण असो की दशांशाचा (चर्चला द्यायच्या कमाईच्या दहाव्या भागाचा) लिफाफा. प्रोटेस्टंट घरांत सौदा लिफाफ्यातून चालतो, एवढाच फरक. 'तू जवळ आहेस, मदत कर' एवढंच म्हणून ती घरी येत असेल, तर तिला मूर्तिपूजक म्हणू नका. काना गावातल्या लग्नात मरियेने येशूकडे बोट दाखवत चाकरांना एवढंच सांगितलं होतं, की हा जे सांगेल ते करा. सुनेशी बोलायला तिथून सुरुवात करा. आणि गुडघ्याचा एक्स-रे काढून घ्या.

प्रश्न: आमचा मुलगा अपघातात गेला. मंडळीतले काही जण भेटायला येतात आणि 'घरात एखादं न कबूल केलेलं पाप आहे का, तपासा' म्हणतात. आम्ही काय उत्तर द्यावं?
– नाव न छापण्याच्या अटीवर

उत्तर: काहीही देऊ नका. प्रभूने ते आधीच दिलं आहे: शिलोहाचा बुरूज कोसळून 18 माणसं मेली, ती यरुशलेमेतल्या इतरांहून जास्त अपराधी होती असं समजता काय? नाही (लूक 13:4-5). जन्मांध माणसाबद्दल शिष्यांनीही हाच प्रश्न केला, कोणाचं पाप, त्याचं की आईबापाचं? तिथेही उत्तर 'नाही' असंच आलं.

येणाऱ्यांसाठी मात्र चार शब्द लिहितो, हा अंक त्यांच्याही घरी जातो. मुलंबाळं आणि संपत्ती गमावलेल्या ईयोबाचे मित्र आले ते सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले. त्यांनी केलेलं तेवढंच बरोबर होतं. आठव्या दिवसापासून तोंड उघडलं आणि शेवटी देवाने त्यांच्यातल्या अलीफजाला सुनावलं, की ईयोब माझ्याविषयी बरोबर बोलला, तुम्ही नाही. सात गोऱ्हे, सात मेंढे अर्पण करायला लावले आणि वर ईयोबाकडून स्वतःसाठी प्रार्थना करवून घ्यायला लावली. तेव्हा जाताना डबा घेऊन जा, गेलेल्याचं नाव घेऊन बोला, अर्ध्या तासात उठा. तेरा दिवसांनी गर्दी ओसरते. तुम्ही दुसऱ्या महिन्यात जा. 'देवाला तो जास्त आवडला' हे वाक्य घराबाहेर ठेवून मग आत या.

प्रश्न: नवऱ्याच्या आजारपणात दीड वर्ष ज्या प्रचारकाचे व्हिडिओ पाहिले, उपवास केले, त्यांचं वागणं आता बाहेर आलं. नवराही राहिला नाही. प्रार्थनेला बसले की शब्दच येत नाहीत. माझा विश्वास गेला का?
– एक भगिनी, सोलापूर

उत्तर: एका माणसावरचा विश्वास गेला, तो जायलाच हवा होता. लुस्त्र गावात प्रेषित पौलाने पांगळ्याला उभं केलं तेव्हा लोक त्याला आणि सोबतच्या बर्णबाला देव समजून बैल आणि हार घेऊन आले. दोघांनी कपडे फाडून त्यांना आवरलं. पुढे त्याच गावात पौलावर दगड पडले. माणसाला डोक्यावर घेतलं की असंच होतं. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा 1883 साली झाला. पुढे त्यांनीच आपल्या साक्षीत लिहिलं, की ख्रिस्ती धर्म मला तेव्हा सापडला होता, ख्रिस्त मात्र नंतर. हे अंतर कापायला त्यांनाही वर्षं लागली.

शब्द येत नसतील तर उसने घ्या. स्तोत्र 13 काढा, अवघी सहा वचनं आहेत. एक वही घ्या आणि डाव्या पानावर ते उतरवा. उजव्या पानावर आपलं लिहायचं, स्तोत्राच्याच क्रमाने. पहिल्या दोन वचनांत तक्रार आहे. 'कोठवर' हा प्रश्न मूळ हिब्रूत चार वेळा येतो. तुम्हीही चार ओळी 'कोठवर'ने सुरू करा आणि नेमकं लिहा. 'कोठवर मी दुःखी' असं नको. 'कोठवर मी रात्री दोनला उठून त्यांची औषधांची वेळ आठवत बसू' असं. पुढच्या दोन वचनांत मागणं आहे. एकच गोष्ट मागा, आजच्या दिवसापुरती. शेवटच्या दोन वचनांत स्तोत्रकर्ता 'पण' म्हणून भरवशाकडे वळतो. बहुतेकांचं इथेच बिनसतं: तक्रार दोन ओळींत उरकून 'पण' गाठायची घाई होते, आणि लिहिलेलं आपल्यालाच खोटं वाटतं. तुमचा 'पण' आज येत नसेल तर ती जागा कोरी सोडा, खाली तारीख टाका. रोज दहा मिनिटं पुरे, आणि व्हिडिओ लावून नको.

कोरी जागा म्हणजे अविश्वास असं कोणी म्हणालं तर त्यांना स्तोत्र 88 दाखवा. ते अंधारातच संपतं, आणि तसंच्या तसं शास्त्रात ठेवलं आहे. वधस्तंभावरचा 'माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास' हा आक्रोशही 22व्या स्तोत्रातून उसना घेतलेला आहे.

वाचणंही जमत नसेल त्या दिवशी मंडळीतल्या एखाद्या बाईला फोनवर वाचायला सांगा, तुम्ही फक्त ऐका. आणि झोप, जेवण आठवडेच्या आठवडे तुटलं असेल, किंवा आपणही जावं असं मनात येत असेल, तर ते पाळकांइतकंच डॉक्टरांनाही सांगायचं. सरकारची टेली-मानस ही मोफत सेवा 14416 या क्रमांकावर रात्रंदिवस चालू असते. क्रमांक वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.